रंग उतरायला किती दिवस लागतात?

सांगलीच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर १९७२ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक काम सोपवलेलं होतं. गजराचं घड्याळ घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचं आणि मिनिटं मोजायची. समोर उन्हात, चटईवर, काळा चष्मा लावून माझी थोरली बहीण बसलेली असे. तिला आम्ही अक्का म्हणतो. दोन तासांपूर्वी तिनं दुधाबरोबर एक गोळी घेतलेली असे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं ऊन, मग दर खेपेला थोडं थोडं वाढवायचं, अशी डॉक्टरांची सूचना होती. वेळ कमी पडला तर गुण नाही, जास्त झाला तर भाजल्यासारखे फोड. या दोन भीतींच्या मधे मी, पंधरा वर्षांचा, काट्यावरची नजर न हलवता बसे.

अक्काला कोड होतं. एकोणिसाव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात पहिला पांढरा ठिपका दिसला. वर्षभरात बोटांच्या टोकांवर आणि कोपराखाली डाग आले. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ते दुखत नाही की खुपत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात ते सगळ्यांना पटलंही होतं. पण संक्रांतीला अक्कानं पुढे केलेला तिळगूळ घेताना आळीतल्या बायकांचा हात किंचित आखडायचा. ते किंचित आखडणं कुठल्याच डॉक्टरांच्या सांगण्यानं थांबलं नाही.

पुढे मी बँकेत लागलो. १९८६ साली मुंबईला बदली झाली. तेव्हा फोर्टमधल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत आणि पगाराच्या दिवशी तिथं थांबल्याशिवाय मी स्टेशनकडे जात नसे. अशाच एका संध्याकाळी 'ब्लॅक लाइक मी' नावाचं इंग्रजी पुस्तक पाच रुपयांना घेतलं आणि लोकलमध्ये उभ्या उभ्या चाळू लागलो. सुरुवातीच्या पानांतच एक गोरा अमेरिकन लेखक कातडीच्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्याला काळं करा म्हणतो. डॉक्टर त्याला औषध देतात ते कोडावरचं! पोटात गोळ्या आणि वरून अतिनील किरणं. माझं स्टेशन केव्हा मागे गेलं ते कळलं नाही. अक्काला गेलेला रंग परत हवा होता, म्हणून ती गच्चीवर बसत होती. त्याच जातीचं औषध या माणसानं असलेला रंग टाकून देण्यासाठी घेतलं होतं.

जॉन हॉवर्ड ग्रिफिन हे त्याचं नाव. गेली चाळीसेक वर्षं हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ग्रिफिनचा जन्म १६ जून १९२० चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. आई उत्तम पियानो वाजवणारी. घर सुशिक्षित, देवाला मानणारं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सभ्य गोऱ्या घरांची जी रीत होती तीच इथली. काळ्या माणसाशी वाईट बोलायचं नाही. पण तो आपल्या पंगतीला बसू शकतो हे मनातसुद्धा आणायचं नाही. पंधराव्या वर्षी हा मुलगा शिकायला फ्रान्समध्ये, तूर शहरात गेला. तिथल्या शाळेत आफ्रिकेतून आलेली मुलं त्याच्याच वर्गात होती. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण तीच मुलं कॅफेत शेजारच्या टेबलावर येऊन बसली तेव्हा तो दचकला. हे कसं चालतं, असं त्यानं फ्रेंच मित्रांना विचारलं. का चालू नये, असं मित्रांनी उलट विचारलं, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्याला हा प्रश्न आजवर पडलाच कसा नाही, याची त्याला पुढे आयुष्यभर लाज वाटत राहिली.

तूरमध्ये तो वैद्यकशास्त्र शिकू लागला, तिथल्या मनोरुग्णालयात काम करू लागला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. हा जेमतेम एकोणीस वर्षांचा परदेशी विद्यार्थी फ्रेंच भूमिगतांना जाऊन मिळाला आणि ज्यू निर्वासितांच्या मुलांना नाझींच्या तावडीतून निसटायला मदत करू लागला. स्वतः पकडला जाण्याची वेळ आली तेव्हा तो मायदेशी पळाला. तिथं सैन्याच्या हवाई दलात भरती झाला आणि त्याची रवानगी दक्षिण पॅसिफिकमध्ये झाली. सॉलोमन बेटांपैकी एका बेटावर तो वर्षभर स्थानिक लोकांमध्ये एकटा गोरा माणूस म्हणून राहिला. या लोकांची भाषा आणि चालीरीती समजून घेणं ही त्याची कामगिरी. आपण सुधारलेले आणि हे रानटी, अशी समजूत बरोबर घेऊनच तो गेला होता. पण जंगलात पाऊलवाटा त्याला सापडेनात. अखेर त्याला वाट दाखवायला पाच वर्षांचं एक पोर नेमावं लागलं. या बेटावर अडाणी कोण, हे त्या पोराचा हात धरून चालताना त्याला उमगलं.

युद्धाच्या शेवटी शेवटी एका स्फोटात तो जबर जखमी झाला. नजर अधू होत गेली आणि युद्ध संपल्यावर लवकरच पूर्ण गेली. वयाच्या पंचविशी-सव्विशीत तो आंधळा झाला आणि दहा-अकरा वर्षं आंधळा राहिला. या काळात तो हातपाय गाळून बसला नाही. आईवडलांच्या शेतावर जनावरं पाळली, कादंबरी लिहिली, कॅथलिक पंथ स्वीकारला, १९५३ मध्ये लग्न केलं, बाप झाला. बायकोचा आणि मुलांचा चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता.

त्याची पहिली कादंबरी 'द डेव्हिल राइड्स आउटसाइड' १९५२ साली आली. डेट्रॉईट शहरात ती अश्लील ठरली आणि ती विकणाऱ्याला दंड झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. लहान मुलांच्या हाती पडू नये म्हणून प्रौढांनाही एखादं पुस्तक वाचू न देणारा कायदा घटनाबाह्य आहे, असा निकाल न्यायालयानं फेब्रुवारी १९५७ मध्ये दिला. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत; एकीवरून कुणी साधं पत्रसुद्धा पाठवलं नाही. तेव्हा या निकालाचा मला हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही.

निकाल लागण्याच्या महिना-दीड महिना आधी, ९ जानेवारी १९५७ ला, ग्रिफिनची नजर परत येऊ लागली. त्यानं बायकोला पाहिलं, मुलांना पाहिलं. अंधपणानं त्याला एक गोष्ट शिकवली होती. आंधळ्याला माणूस कळतो तो आवाजावरून, हाताच्या पकडीवरून, शब्द पाळण्यावरून. कातडीचा रंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आता दिसू लागल्यावर आजूबाजूला सगळा व्यवहार कातडीच्या रंगावर चाललेला त्याला दिसला.

तो राहत होता ते मॅन्सफिल्ड गाव त्या बाबतीत गाजलेलं होतं. काळ्या मुलांना गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत घ्यावं, असा न्यायालयाचा हुकूम १९५६ मध्ये झाला. तेव्हा गावकऱ्यांनी शाळेसमोर जमाव जमवला, काळ्या माणसाचे पुतळे फासावर टांगले आणि हुकूम हाणून पाडला. ग्रिफिन तेव्हा अजून आंधळा होता. त्यानं ते सगळं कानांनी ऐकलं आणि त्या प्रकारावर एक अहवाल लिहायला हात लावला. पण काळ्या माणसांकडून माहिती घेताना त्याला एक भिंत आडवी येत राहिली. त्यांचं म्हणणं असं पडे की आमचं जगणं कळायचं असेल तर एक दिवस आमच्या कातडीत शिरून उठावं लागेल. बहुतेक लोक असं बोलणं ऐकून मान हलवतात. ग्रिफिननं ते शब्दशः घेतलं.

असा प्रयत्न करणारा तो पहिला नव्हता. १९४८ साली पिट्सबर्गचे एक नामांकित वार्ताहर रे स्प्रिगल यांनी फ्लोरिडात तीन आठवडे उन्हात पडून कातडी रापवली आणि काळ्या माणसाच्या रूपात दक्षिणेत महिनाभर हिंडून लेखमाला लिहिली. ग्रिफिननं उन्हावर विसंबायचं नाही असं ठरवलं. काळ्या वाचकांसाठी निघणाऱ्या 'सेपिया' या मासिकाच्या मालकानं खर्चाची तयारी दाखवली. बायकोनं होकार दिला. ऑक्टोबर १९५९ च्या अखेरीस त्याची रोजनिशी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तो न्यू ऑर्लिन्समध्ये पोहोचतो.

इथं या औषधाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याचं मूळ आपल्या परसात आहे. बावचीचं बी आपल्याकडचे वैद्य शेकडो वर्षं कोडावर वापरत आले आहेत. बी उगाळून लावायचं आणि डाग उन्हात धरायचा. १९३३ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी याच बियांतून सोरॅलेन हे द्रव्य वेगळं काढलं. नाईल नदीच्या काठी उगवणाऱ्या एका रानटी झाडाच्या फळांचा असाच उपयोग इजिप्तमध्ये होत असे. त्यातलं मेथॉक्सॅलेन कैरोचे डॉक्टर अल मोफ्ती यांनी कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही द्रव्यं अंधारात निरुपद्रवी असतात. अतिनील किरण पडले की ती कातडीच्या पेशींत घट्ट जाऊन बसतात, आणि रंग तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. प्रमाण चुकलं तर कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते आणि वर्षानुवर्षं घेतलं तर कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अक्काचा काळा चष्मा त्यासाठीच होता. आळीतली पोरं तिला सिनेमातली नटी म्हणून चिडवत.

न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरांनी ग्रिफिनला सांगितलं की हे काम सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचं आहे. त्याला तेवढा धीर नव्हता. रक्त तपासून घेत, गोळ्या घेऊन तो तासन्‌तास अतिनील दिव्याखाली पडून राहू लागला. आठवड्याभरात कातडी सावळी झाली. उरलेलं काम रंग चोळून भागवलं, डोक्याचे केस भादरून टाकले. ७ नोव्हेंबरच्या रात्री त्यानं न्हाणीघरात दिवा लावला आणि आरशात पाहिलं. समोर एक टक्कल पडलेला, आडदांड, अनोळखी काळा माणूस उभा होता. त्यात आपली एकही खूण त्याला सापडेना. त्याला वाटलं होतं की आपण वेषांतर करतो आहोत. आरशातल्या माणसाला वेष नव्हता, तो संपूर्ण होता. आणखी एक गोष्ट त्याला जाणवली व ती त्यानं लपवली नाही. त्या माणसाविषयी त्याच्या मनात आपलेपणा उपजला नाही. समतेवर बोलणारा हा लेखक आरशातल्या स्वतःच्याच काळ्या चेहऱ्याला बिचकला होता.

त्यानं नाव बदललं नाही, शिक्षण लपवलं नाही, बोलण्याची ढब बदलली नाही. कुणी विचारलं तर खरं नाव सांगायचं, असा त्याचा नियम होता. रंग सोडून सगळं तेच ठेवायचं, म्हणजे जे बदलेल ते रंगामुळेच बदललं असं सिद्ध होईल. पहिल्याच दिवसापासून सगळंच बदललं. रस्त्यावर बूट पॉलिश करणाऱ्या एका काळ्या गृहस्थाकडून तो गोरा असताना पॉलिश करून घेत असे. त्यानंही ग्रिफिनला ओळखलं नाही. ओळखले ते बूट. पाणी कुठं प्यायचं, लघवीला कुठं जायचं, कुठल्या पायरीवर बसून दम खायचा, हे सगळं आता आधी ठरवावं लागे. नोकरी मागायला गेला तर जागा भरलेली असे.

मला मात्र या पुस्तकातला सर्वांत जिव्हारी लागलेला प्रसंग १४ नोव्हेंबरचा आहे. शनिवार होता, बँका बंद झालेल्या होत्या. मिसिसिपीला जायचं म्हणून तो ट्रॅव्हलर्स चेक वटवायला दुकानादुकानांत फिरला. गोरा असताना याच शहरात त्याला कधी अडचण आली नसती. आता एकेक दुकानदार चेककडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहून नकार देत गेला. आपण चोरीचा चेक घेऊन आलो आहोत असं त्यांना वाटतं, हे नकाराच्या सुरावरून त्याला कळत होतं. शेवटी एका कॅथलिक पुस्तकांच्या दुकानात त्याला पैसे मिळाले. ट्रॅव्हलर्स चेकवर दोन सह्या असतात; एक घेताना केलेली, एक वटवताना करायची. दोन्ही जुळल्या की पैसे द्यायचे, तोंड बघायचं नाही, हे मला बँकेत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी ३७ वर्षं सह्या पडताळल्या. तोंड बघून मी किती जणांना जास्त वेळ थांबवलं असेल, याचा हिशेब कुठल्याच लेजरमध्ये नाही.

त्याच दिवशी बस-स्थानकावर तिकीट देणाऱ्या बाईनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो गोंधळून गेला. दहा डॉलरची नोट मोडायला तिनं आधी नकार दिला आणि मग तिकीट व सुटे पैसे त्याच्या अंगावर फेकावेत तसे टाकले. त्यानं तिचं काहीच बिघडवलेलं नव्हतं. मिसिसिपीत त्या दिवसांत हवा तापलेली होती. एप्रिल १९५९ मध्ये पॉपलरव्हिल गावी मॅक चार्ल्स पार्कर या काळ्या तरुणाला जमावानं तुरुंगातून ओढून नेऊन ठार केलं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या ज्युरीनं कुणावरही आरोप ठेवला नव्हता. बस वाटेत थांबली तेव्हा गोरे उतरारू मोकळे होऊन आले. काळ्यांना मात्र चालकानं दारातच अडवलं. हॅटिसबर्गला रात्री एका कळकट खोलीत तो बायकोला पत्र लिहायला बसला आणि शब्दच सुचेनात. आरशात दिसणारा काळा माणूस एका गोऱ्या स्त्रीला प्रेमाचे चार शब्द लिहितो आहे, ही कल्पनाच त्याच्या हाताला लिहू देईना. दक्षिणेनं त्याच्या आत बसवलेला पहारेकरी त्याच्याच लग्नाच्या आड आला. सहा आठवड्यांच्या या प्रवासात त्याला मारहाण झाली नाही. त्याला भीती वाटली ती या पहारेकऱ्याची.

अलाबामात गाड्यांना हात करत जाताना रात्रीच्या अंधारात गोरे चालक त्याला गाडीत घेत आणि काळ्यांच्या शरीराविषयी घाणेरडे प्रश्न विचारत. त्याच रस्त्यावर एका गरीब काळ्या मजुरानं त्याला आपल्या झोपडीत नेलं. दोन खोल्या, सहा मुलं, जमिनीवर अंथरलेली पोती. ग्रिफिनजवळ चॉकलेटच्या वड्या होत्या. त्यांचे काप करून मुलांना वाटले तेव्हा त्या घरात सण झाला. त्या रात्री टेक्सासमध्ये त्याच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. आपली मुलगी आणि ही मुलं यांच्यात फरक तो काय, या विचारानं त्याला झोप आली नाही. मुलांच्या बापाला हा विचार नवा नसणार.

माँटगोमेरीत त्यानं रंग उतरवला. गोळ्या काही दिवस बंद होत्याच. रंग धुऊन टाकल्यावर तो पुन्हा गोरा म्हणून खपू लागला. ७ नोव्हेंबरपासून मोजलं तर साधारण तीन आठवडे झाले होते. काल ज्या हॉटेलाच्या दारात उभं राहायची सोय नव्हती, तिथं आज वेटर अदबीनं वाकला. मग तो रंग पिशवीत ठेवून हिंडू लागला. एकाच रस्त्यावरून एकदा काळा होऊन जायचा, एकदा गोरा होऊन. काळा असला की गोरे कठोर, गोरा असला की काळे मुके. डिसेंबरच्या मध्याला तो घरी परतला.

'सेपिया'तली लेखमाला १९६० मध्ये छापून आली, दूरचित्रवाणीवर मुलाखती झाल्या आणि गावाला कळलं. एप्रिलमध्ये मॅन्सफिल्डच्या मुख्य रस्त्यावर त्याचा पुतळा टांगलेला सापडला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, पाठीवर पिवळा पट्टा. धमक्या येऊ लागल्या. शेवटी बायकामुलांना आणि आईवडलांना घेऊन त्यानं गाव सोडलं आणि काही महिने मेक्सिकोत काढले. १९६१ मध्ये पुस्तक निघालं. त्याचं नाव लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीच्या कवितेतून घेतलेलं आहे. अनेक भाषांत भाषांतरं झाली, १९६४ मध्ये चित्रपट निघाला. पुढे एकदा मिसिसिपीत रस्त्यात गाडी बंद पडलेली असताना गोऱ्यांच्या टोळक्यानं त्याला साखळ्यांनी झोडपलं. त्या वेळी त्याचा रंग गोराच होता.

एवढी कीर्ती मिळाल्यावर माणूस तज्ज्ञ होतो. ग्रिफिनलाही गावोगावची बोलावणी येत. साठच्या दशकाच्या अखेरीस शहरं पेटली तेव्हा नगरपालिकांचे गोरे पुढारी काळ्यांना काय हवं आहे ते विचारायला त्याला बोलावून घेत. तो खोलीभर नजर टाकी आणि विचारी की या गावातली काळी माणसं या बैठकीला का नाहीत? हे प्रश्न त्यांनाच का विचारत नाही? त्याला हळूहळू कळून चुकलं की काळी माणसं जे जन्मभर सांगत आली तेच आपण सांगितलं, आणि सांगणारा गोरा होता म्हणून ते खरं मानलं गेलं. म्हणजे त्याच्या पुस्तकाचं यशसुद्धा त्याच रोगाचं लक्षण होतं. उत्तरायुष्यात तो दुसऱ्यांच्या वतीनं बोलायचं टाळू लागला. साठ वर्षांचा होऊन ९ सप्टेंबर १९८० ला तो गेला. त्या औषधानं कातडीचा कर्करोग होऊन मेला, अशी आवई उठली व ती अजूनही ऐकू येते. ती खोटी आहे. तो मधुमेहानं आणि त्यातून उद्भवलेल्या विकारांनी गेला.

रंगावरच्या औषधांची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. त्याचं पुस्तक आलं त्याच १९६१ साली येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत कातडी गडद करणारं संप्रेरक असतं. ते टोचल्यावर माणसाचा रंग खरोखरच काळवंडतो, हे त्यांनी दाखवलं. ग्रिफिन वारला त्या १९८० साली अॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी या संप्रेरकाची कितीतरी जोरकस कृत्रिम नक्कल तयार केल्याचं जाहीर केलं. त्या घराण्यातली औषधं मेलॅनोटॅन या नावानं ओळखली जातात. त्यातलं एक, ऊन लागताच असह्य वेदना होणाऱ्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांसाठी युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झालं. दुसरं, मेलॅनोटॅन-दोन, कुणाच्याही मान्यतेविना चोरून विकलं जातं. सुट्टीवर जाण्याआधी छान सोनेरी-तपकिरी दिसावं म्हणून गोरी माणसं ते घरच्या घरी टोचून घेतात. मळमळ होते, जुने तीळ काळे पडतात, नवे उगवतात, आणि बाटलीत नेमकं काय आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या औषध-नियंत्रकांनी त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. याच काळात आपल्याकडे गोरं करणारी मलमं खपत आली. तिकडे सावळा रंग हौसेनं टोचून घेतात, इकडे तोच रंग चोळून घालवू पाहतात. टोचून घेणाऱ्याला एक खात्री असते की हा रंग मनात येईल तेव्हा उतरेल. रंगासोबत येणारी वागणूक त्याच्या वाट्याला येतच नाही.

१९८४ साली माझ्या लग्नाची बैठक आमच्याच घरी झाली. मुलीकडची मंडळी यायची होती त्या सकाळी अक्का म्हणाली की ती स्वयंपाकघरातच थांबेल, चहा वहिनी नेतील. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पण तू बाहेर ये, असंही मी म्हणालो नाही. मी खाली बघून बुटाची नाडी बांधत राहिलो. तेवढं करायला मला दोन सेकंद लागले असते, आणि ज्या घड्याळानं मी तिचं ऊन मोजलं होतं ते समोरच्या फडताळावर टिकटिकत होतं.

दोन वर्षांनी दिवाळीला घरी गेलो तेव्हा ते पुस्तक बरोबर होतं. दुपारी अक्का तांदूळ निवडत बसली होती. मी तिला ग्रिफिनची सगळी गोष्ट सांगितली. तिनं गोळीचं नाव पुन्हा विचारून घेतलं. त्याला रिकाम्या पोटी मळमळत होतं का, चष्मा कुठला होता, दिव्याखाली डोळे चुरचुरत नव्हते का, असं एकेक विचारत गेली. तिचा दक्षिणेतल्या काळ्या-गोऱ्यांशी काही संबंध नव्हता. पण त्या गोळीची तिला माझ्यापेक्षा आणि त्या लेखकापेक्षाही जास्त माहिती होती. मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. त्याचा रंग उतरायला किती दिवस लागले? मी म्हणालो, तीन आठवडे. अक्का काही बोलली नाही. सूप झटकून तिनं पुढचे तांदूळ घेतले.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारलं. ग्रिफिनकडून मी निदान एवढं शिकलो आहे. ती आता ७३ वर्षांची आहे. नाव घालू नकोस, म्हणाली, आणि एक गोष्ट मात्र जरूर घाल. गोळ्या तिनं १९७५ मध्ये स्वतः बंद केल्या. कोपराखालच्या डागावर केसांच्या मुळाशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवून तो भरत आला होता. ओठ आणि बोटांची टोकं तशीच राहिली, कारण तिथं केस नसतात आणि रंग परत येतो तो केसांच्या मुळांतून. डॉक्टर आणखी वर्षभर घ्या म्हणत होते. तिला त्याच महिन्यात प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती आणि शाळा अकरा ते पाच होती. उन्हात बसायला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी पहिलीच्या एका मुलीनं तिला बोटं पांढरी का, असं विचारलं. अक्कानं खडू दाखवला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःची बोटं खडूत बुडवून आली.